तिसरा पर्याय नसलेलं सार्वमत : कॅमेरूनच्या इंग्रजीभाषक प्रांतांतल्या युद्धाची मुळं

११ ऑक्टोबर २०१६ रोजी कॅमेरूनच्या वायव्य आणि नैर्ऋत्य प्रांतांतल्या वकिलांनी कोर्टाचं काम बंद केलं. मागण्यांत जगावेगळं काही नव्हतं. व्यापारविषयक कायदे आम्हाला इंग्रजीत द्या. आमच्या कोर्टांत इंग्रजी पद्धतीच्या कायद्यात मुरलेले न्यायाधीश नेमा. ज्यांना इंग्रजी धड समजत नाही आणि ज्यांचं सगळं शिक्षण फ्रेंच न्यायपद्धतीत झालंय, त्यांना आमच्यावर लादू नका. सरकारने दाद दिली नाही. नोव्हेंबरमध्ये बामेंडा आणि बुएआ या शहरांत वकील काळे डगले आणि पांढरे टोप घालून रस्त्यावर उतरले. सुरक्षा दलांनी त्यांना झोडपून काढलं, डगले आणि टोप हिसकावून नेले. २१ नोव्हेंबरला शिक्षक संपावर गेले. त्यानंतर वर्षभराच्या आत या दोन प्रांतांच्या 'अंबाझोनिया' या स्वतंत्र देशाची घोषणा झाली, आणि पुढच्या काही वर्षांत सहा हजारांहून जास्त माणसं मारली गेली, पाच लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं.

कोर्टाच्या कामकाजावरून सुरू झालेला वाद वर्षभरात युद्धापर्यंत कसा पोचला, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. आफ्रिकेतल्या संघर्षांबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं : गोऱ्यांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या, भिन्न जमाती एका देशात कोंबल्या, मग त्या आपसात भांडू लागल्या. कॅमेरूनच्या बाबतीत त्याला आणखी एक उत्तर जोडलं जातं, ते म्हणजे इंग्रजी विरुद्ध फ्रेंच. ही दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात, आणि पहिलं तर या प्रकरणात सरळ चुकीचं आहे.

इथली वसाहती रेघ भिन्न जमातींना एकत्र कोंबणारी नव्हती, ती सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून गेलेली होती. बामेंडाभोवतालच्या 'ग्रासफील्ड्स' पठारावरची राज्यं आणि रेघेपलीकडची बामिलेके राज्यं एकाच सांस्कृतिक पट्ट्यातली. दोन्हीकडे गावाचा पारंपरिक राजा, त्याचा राजवाडा, त्याची गुप्त मंडळं. किनाऱ्यावर बुएआजवळचे बाकवेरी आणि दुआला शहराचे मूळ रहिवासी दुआला लोक हेही एकमेकांचे नातलग. भांडण जमातींचं असतं, तर फळी वेगळ्याच जागी पडली असती. राहिली भाषा. या दोन प्रांतांत घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषा डझनावारी आहेत आणि बाजारात पिजिन ही इंग्रजीच्या मिश्रणातून घडलेली बोली चालते. इंग्रजी ही शाळेची, कोर्टाची, पगारपत्रकाची भाषा. 'अँग्लोफोन' म्हणवून घेणारा माणूस मातृभाषेचं नाव सांगत नसतो. आपण कोणत्या प्रकारच्या राज्यकारभाराखाली वाढलो, हे तो सांगत असतो.

वसाहतवादाने या भूमीवर दोन वेगवेगळ्या राज्ययंत्रणा ठेवल्या, आणि १९६१ नंतर त्यांतल्या एकीने दुसरीला गिळलं. गिळणारी यंत्रणा कोणती होती आणि ती कशी घडली होती, हे नीट पाहिल्याशिवाय २०१६ मधल्या लाठ्यांचा अर्थ लागत नाही.

जुलै १८८४ मध्ये दुआलाच्या प्रमुखांशी करार करून जर्मनीने 'कामेरुन' ताब्यात घेतलं. बुएआ ही त्यांची राजधानी. कॅमेरून पर्वताच्या उतारावर जर्मन गव्हर्नरने बांधलेला वाडा अजून उभा आहे. खालच्या सुपीक ज्वालामुखी जमिनीवरून बाकवेरींना हुसकून मळे घातले गेले. दुआलात रुडॉल्फ दुआला मांगा बेल या राजाने आपल्या लोकांच्या जमिनी वाचवण्यासाठी अर्जविनंत्या केल्या, तर ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांनी त्याला फासावर चढवलं. १९१६ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने जर्मनांना हाकललं आणि लूट वाटून घेतली. सुमारे चार पंचमांश भाग फ्रान्सकडे गेला. ब्रिटनने नायजेरियाच्या सीमेला लागून असलेल्या दोन चिंचोळ्या पट्ट्या घेतल्या. उत्तर कॅमेरून्स आणि दक्षिण कॅमेरून्स ही त्यांची नावं. आजचे वायव्य आणि नैर्ऋत्य प्रांत म्हणजे हे दक्षिण कॅमेरून्स. दोन्ही देशांना हा प्रदेश राष्ट्रसंघाच्या, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायचा होता. म्हणजे तो त्यांच्या मालकीचा कधीच नव्हता, आणि पुढच्या घडामोडींत हा मुद्दा कळीचा ठरतो.

ब्रिटनने दक्षिण कॅमेरून्सकडे जवळजवळ दुर्लक्षच केलं. स्वतंत्र कारभार करण्याइतकाही रस नव्हता, म्हणून तो नायजेरियाच्या पूर्व भागाला शेपटासारखा जोडला. रस्ते थोडे, माध्यमिक शाळा बोटांवर मोजण्याइतक्या, वरच्या नोकऱ्यांत आणि व्यापारात शेजारच्या इग्बो लोकांचा वरचष्मा. या दुर्लक्षाचा एक अनपेक्षित परिणाम मात्र झाला. स्थानिक कारभार पारंपरिक राजांच्या आणि 'नेटिव्ह अथॉरिटीं'च्या हातात राहिला, खटले इंग्रजी पद्धतीने चालले, आणि सरकार रोजच्या जगण्यात फारसं डोकावलं नाही. १९५४ मध्ये इथे स्वतःचं विधिमंडळ आलं. जानेवारी १९५९ च्या निवडणुकीत पंतप्रधान एमॅन्युएल एंडेली हरले, जॉन न्गू फोंचा जिंकले, आणि एंडेली खुर्ची सोडून विरोधी बाकावर जाऊन बसले. वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या आफ्रिकेत असं शांत सत्तांतर दुर्मीळ होतं. दक्षिण कॅमेरून्समधली जुनी माणसं आजही या घटनेचा उल्लेख अभिमानाने करतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

रेघेपलीकडे याच वर्षांत युद्ध चालू होतं. फ्रेंच कॅमेरूनमध्ये सरकारी अधिकारी कोर्टाशिवाय शिक्षा देऊ शकत, वेठबिगार १९४६ पर्यंत कायदेशीर होती. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या 'यूपीसी' या पक्षाने स्वातंत्र्य आणि दोन्ही कॅमेरूनांचं एकीकरण मागितलं. १९५५ मध्ये फ्रान्सने त्याच्यावर बंदी घातली, पक्ष जंगलात गेला. त्याचे नेते रुबेन उम न्योबे सप्टेंबर १९५८ मध्ये सैन्याच्या गोळीला बळी पडले. त्यांच्यानंतरचे नेते फेलिक्स मुमिये यांना १९६० मध्ये जिनिव्हात विष घालून मारण्यात आलं. बामिलेके भागात गावं जाळली गेली, लोकांना उठवून पहाऱ्यातल्या वस्त्यांत नेऊन ठेवलं गेलं. १ जानेवारी १९६० रोजी हा भाग 'कॅमेरून प्रजासत्ताक' या नावाने स्वतंत्र झाला, तेव्हा पंतप्रधान आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अहमदू अहिजो यांच्या हाती त्याआधीच वटहुकमांनी राज्य करण्याचे पूर्ण अधिकार दिले गेले होते आणि फ्रेंच फौज त्यांच्या बाजूने लढतच होती. म्हणजे राजधानी याउंदेतून चालणारं हे राज्य जन्मलं तेच आणीबाणीत. ज्या पक्षाने स्वातंत्र्य मागितलं होतं त्याला चिरडून सत्ता त्याच्या विरोधकांना मिळाली, आणि राज्य चालवायचं ते पोलीस, जान्दार्म (लष्करी धाटणीचे पोलीस) आणि लष्करी कोर्ट यांच्या जोरावर, हे नव्या राज्यकर्त्यांनी पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं. 'फ्रेंच वारसा' म्हणून बहुतेक लोक भाषेकडे किंवा कायद्याच्या पुस्तकांकडे बोट दाखवतात. माझ्या मते त्या वारशाचा सगळ्यात घातक भाग ही आणीबाणीची सवय होती.

११ फेब्रुवारी १९६१ रोजी दक्षिण कॅमेरून्समध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झालं. मतदारांपुढे दोनच प्रश्न होते. नायजेरियात सामील होऊन स्वतंत्र व्हायचंय का? की कॅमेरून प्रजासत्ताकात सामील होऊन? स्वतःचा देश हवा असं म्हणण्याची सोयच ठेवलेली नव्हती. पी. एम. काले यांच्यासारखे नेते हा तिसरा पर्याय उघडपणे मागत होते. खुद्द फोंचांनाही थोडा वेळ हवा होता, तोवर वेगळं राहून मग एकीकरणाच्या वाटाघाटी करायच्या होत्या. पण ब्रिटनच्या वतीने तयार झालेल्या एका आर्थिक अहवालाने हा प्रदेश स्वतःच्या पायावर उभा राहू शकणार नाही असा निर्वाळा दिला होता, आफ्रिकेतल्या नव्या राष्ट्रांना आणखी तुकडे नको होते, आणि फोंचा-एंडेली यांचं न्यूयॉर्कमध्ये एकमत होईना. तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी दोन प्रश्नांवर शिक्कामोर्तब केलं. याच आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये, म्हणजे मतदानाच्या दोन महिने आधी, परतंत्र प्रदेशांना सार्वभौम स्वातंत्र्य, स्वेच्छेची संलग्नता किंवा विलीनीकरण असे तीन मार्ग खुले असल्याचा ठराव केला होता. दक्षिण कॅमेरून्सला त्यांतला पहिला मार्ग दाखवलाच गेला नाही.

निकाल लागला : कॅमेरूनच्या बाजूने २,३३,५७१ मतं, नायजेरियाच्या बाजूने ९७,७४१. याला कॅमेरूनवरच्या प्रेमाचा कौल म्हणणं धाडसाचं होईल. नायजेरियात गेलो तर इग्बो लोकांच्या वर्चस्वाखाली कायमचे दबून राहू, ही भीती गावोगाव होती. त्यातही एकवाक्यता नव्हती. किनाऱ्याकडच्या बऱ्याच लोकांना ग्रासफील्ड्सहून मळ्यांवर कामाला आलेल्या माणसांची भीती नायजेरियापेक्षा जास्त वाटत होती, आणि फोंचा ग्रासफील्ड्सचे, एंडेली बाकवेरी, हा फरक मतदानातही उमटला. पुढे याउंदेने या भेगेचा पुरेपूर फायदा उठवला. उत्तरेकडची पट्टी नायजेरियात गेली. त्यावर कॅमेरूनने ब्रिटनला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, पण १९६३ मध्ये न्यायालयाने निवाडा देण्यास नकार दिला.

खरा घात फुंबानला झाला. एकीकरणाच्या अटी ठरवण्यासाठी १७ ते २१ जुलै १९६१ या दिवसांत फ्रेंच बाजूच्या या गावात परिषद भरली. फोंचांच्या बाजूने आधी बामेंडात सर्व पक्षांची बैठक होऊन मागण्यांचा मसुदा तयार झाला होता : घटकराज्यांना भक्कम अधिकार आणि राष्ट्राध्यक्षाच्या हाती मर्यादित सत्ता. फुंबानला पोचल्यावर त्यांच्या हाती अहिजोंचा तयार राज्यघटनेचा मसुदा ठेवला गेला. तो वाचून, आपसात चर्चा करून प्रतिसाद द्यायला त्यांना मिळाला तो अगदी तुटपुंजा वेळ. एका बाजूला फ्रेंच कायदेतज्ज्ञांचा सल्ला घेणारं सार्वभौम राष्ट्र, दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांत विश्वस्ताविना उरणारा प्रदेश. विश्वस्त ब्रिटन चर्चेच्या मेजावर नव्हताच. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावात १ ऑक्टोबरपूर्वी तिघांनी मिळून अटी ठरवाव्यात असं स्पष्ट म्हटलं होतं, तरीही ब्रिटनने हात झटकले.

फुंबानच्या कागदपत्रांतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १ सप्टेंबर १९६१ ला अहिजोंनी जी संघराज्याची घटना जारी केली, ती औपचारिकदृष्ट्या नवी घटना नव्हतीच. ती कॅमेरून प्रजासत्ताकाच्या मार्च १९६० च्या घटनेत दुरुस्ती करणारा, त्यांच्याच विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा होता. बुएआच्या विधिमंडळापुढे ती मंजुरीला आलीच नाही. दोन समान पक्षांनी मिळून केलेला करार म्हणून दक्षिण कॅमेरून्सच्या लोकांनी जिच्याकडे पाहिलं, ती गोष्ट कागदावर एका बाजूचा अंतर्गत कायदाबदल होती. त्यातलं ४७ वं कलम संघराज्याच्या एकतेला आणि अखंडतेला बाधा आणणारी कोणतीही घटनादुरुस्ती अग्राह्य ठरवत होतं. फोंचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं, संघराज्य सुरक्षित झालं. पण ते कलम 'एकता' राखायला सांगत होतं, आणि एकतेच्या नावाखाली संघराज्य मोडायला आडकाठी करील असं त्यात काहीच नव्हतं.

१ ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम कॅमेरून (म्हणजे बुएआतून चालणारं दक्षिण कॅमेरून्स) आणि पूर्व कॅमेरून (म्हणजे पूर्वीचा फ्रेंच भाग) यांचं संघराज्य अस्तित्वात आलं. झेंड्यावर दोन तारे. गाड्या डाव्याऐवजी उजव्या बाजूने धावू लागल्या, पाउंडाच्या जागी सीएफए फ्रँक आला. हे बदल लोकांनी पचवले. पचायला जड गेले ते याउंदेहून आलेले फेडरल निरीक्षक, जे निवडून आलेल्या स्थानिक सरकारला डावलून थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी होते. आणि जान्दार्म. पश्चिम कॅमेरूनच्या माणसाला काठी घेतलेला, बंदूक न बाळगणारा पोलीस माहीत होता. आता रस्त्यारस्त्यावर कागदपत्रं मागणारा, फ्रेंच बोलणारा, लष्करी गणवेशातला शिपाई उभा राहिला. मार्च १९६२ मध्ये 'राजद्रोही कारवायां'विरुद्धचा वटहुकूम निघाला. सत्तेवरची टीका, अफवा, अनादर, सगळंच त्यात बसवता येत होतं. पूर्वेकडच्या यूपीसीविरुद्धच्या युद्धातून घडलेलं हे हत्यार आता सगळ्या देशासाठी लागू झालं. १९६६ मध्ये सगळे पक्ष एका पक्षात विलीन झाले, आणि फोंचांचाही पक्ष त्यात गेला. ज्या विधिमंडळाने १९५९ मध्ये शांत सत्तांतर घडवलं होतं, तिथे विरोधी बाक उरला नाही.

६ मे १९७२ रोजी अहिजोंनी संघराज्य गुंडाळण्याचा इरादा जाहीर केला. दोन आठवड्यांत, २० मे रोजी, देशभर सार्वमत घेतलं. अधिकृत निकाल ९९.९९ टक्के बाजूने. पश्चिमेची मतं वेगळी मोजून तिथल्या लोकांची स्वतंत्र संमती घेण्याचा प्रश्नच ठेवला नव्हता. आजही २० मे हा कॅमेरूनचा राष्ट्रीय दिन आहे. १ ऑक्टोबर, ज्या दिवशी दोन्ही भाग एकत्र आले, तो नाही. १९७५ मध्ये झेंड्यावर एकच तारा उरला. फेब्रुवारी १९८४ मध्ये अहिजोंनंतरचे राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी देशाचं नाव पुन्हा 'कॅमेरून प्रजासत्ताक' केलं. बाहेरच्याला यात काही वावगं दिसणार नाही. पण हे १९६० मध्ये एकट्या फ्रेंच भागाने घेतलेलं नाव होतं. बामेंडाचे वकील फोंगम गोर्जी-डिंका यांचा युक्तिवाद असा की हे नाव घेऊन पूर्व भागच संघातून बाहेर पडलाय, तेव्हा आम्हीही मोकळे झालो. त्यांना अटक झाली. 'अंबाझोनिया' हे नाव त्यांनीच अंबास उपसागरावरून पुढे आणलं.

दरम्यान लिंबेच्या किनाऱ्यावर तेल शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. पश्चिम कॅमेरूनचं स्वतःचं वीजमंडळ, त्याची बँक, पणन मंडळ एकेक करून बंद पडली किंवा याउंदेत विलीन झाली. कारखाना आपल्या दारात आणि हिशेब याउंदेत, ही लोकांची तक्रार तेव्हापासूनची. कुणी म्हणेल, १९९२ पासून देशाचे सगळे पंतप्रधान इंग्रजीभाषक प्रांतांतलेच आहेत. खरं आहे. पण कॅमेरूनमध्ये पंतप्रधान राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने येतो आणि जातो. १९५९ मध्ये इथल्या मतदाराने एंडेलींना घरी पाठवलं होतं, तसा अधिकार या पदावरच्या माणसावर त्याला नाही.

कोर्टात हे सगळं कसं दिसत होतं, ते जरा जवळून पाहू. बामेंडाच्या कोर्टात आरोपी पिजिनमध्ये बोलतो, वकील इंग्रजीत युक्तिवाद करतो, आणि न्यायाधीश याउंदेच्या प्रशासन आणि न्यायसेवा महाविद्यालयातून फ्रेंचमध्ये शिकून आलेला असतो. इंग्रजी पद्धतीत दोन बाजू झुंजतात, साक्षीदाराला उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं, न्यायाधीश ऐकून निर्णय देतो. फ्रेंच पद्धतीत न्यायसंस्थेचाच अधिकारी तपास करतो, आणि लेखी कागदांना जास्त वजन असतं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालू शकतात. पण ज्याला अर्धी भाषा समजते असा न्यायाधीश वकिलाचा प्रश्न तोडतो, तेव्हा अशिलाच्या तुरुंगवासाचा प्रश्न असतो. त्यातच आफ्रिकेतल्या, मुख्यत्वे फ्रेंचभाषक देशांच्या व्यापारी कायद्यांचा 'ओहाडा' करार आला. त्याची कामकाजाची भाषा सुरुवातीला फक्त फ्रेंच. इंग्रजीत नोंदणीची कागदपत्रं तयार केलेल्या कंपन्यांना बँकेत खातं उघडू दिलं जाईना. वकिलांच्या संपात या कायद्याचं भाषांतर पहिल्या मागण्यांत होतं, ते यामुळे.

शाळांची कथाही अशीच. १९८३ मध्ये सरकारने इंग्रजी पद्धतीची जीसीई परीक्षा फ्रेंच बॅकलोरिआच्या साच्यात बसवायचा घाट घातला, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढे पालक आणि शिक्षकांनी लढून १९९३ मध्ये स्वतंत्र जीसीई मंडळ मिळवलं. या प्रांतांत लोकलढ्याने मिळवलेल्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. त्या विजयाचा आनंद तिथल्या लोकांना किती मोठा वाटला असेल, हे समजण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि मग २००९. दक्षिण कॅमेरून्सच्या काही कार्यकर्त्यांनी आफ्रिकन मानवी हक्क आयोगाकडे केलेल्या तक्रारीवर निर्णय आला. आयोगाने म्हटलं, हे लोक आफ्रिकन सनदेच्या अर्थाने स्वतंत्र ओळख असलेला 'लोकसमूह' आहेत. फुटून निघण्याचा हक्क मात्र त्याने मान्य केला नाही. तक्रारींपैकी बऱ्याच खऱ्या ठरवल्या, आणि सरकारला शिफारशी केल्या : व्यापारात इंग्रजीला फ्रेंचइतकंच स्थान द्या, इंग्रजीभाषक प्रांतांतल्या आरोपींना खटल्यासाठी फ्रेंचभाषक भागात नेणं थांबवा, प्रत्येकावर त्याला कळणाऱ्या भाषेत खटला चालवा, राष्ट्रीय प्रकल्प न्याय्य पद्धतीने वाटा, घटनात्मक प्रश्नांवर तक्रारदारांशी संवाद सुरू करा. २०१६ मधले वकील जे मागत होते त्यातलं बरंचसं या निर्णयात सात वर्षं आधी लिहिलेलं होतं. सरकारने तो बासनात गुंडाळला.

१७ जानेवारी २०१७ रोजी सरकारने वकील-शिक्षकांच्या संयुक्त मंचावर बंदी घातली. त्याचे नेते फेलिक्स अगबोर बाल्ला आणि फोंतेम नेबा यांना त्याच दिवशी अटक करून याउंदेला नेलं, आणि दोन्ही प्रांतांतलं इंटरनेट तोडलं. ते ९३ दिवस बंद राहिलं. बुएआत 'सिलिकॉन माउंटन' नावाने तरुण संगणकतज्ज्ञांची एक उद्योगवस्ती वाढत होती. काही जण लॅपटॉप घेऊन प्रांताच्या हद्दीबाहेर, इंटरनेट मिळेल तिथे जाऊन काम करू लागले. बंदी घातलेला मंच संघराज्य मागत होता. फुटून निघणं ही त्याची मागणी नव्हती. संघराज्य मागणाऱ्यांना देशद्रोही म्हणून आत टाकल्यावर बाहेर उरले ते परदेशातून समाजमाध्यमांवर स्वातंत्र्याच्या घोषणा देणारे. १ ऑक्टोबर २०१७ ला त्यांचे नेते सिसिकू ज्युलिअस आयुक ताबे यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. निदर्शनांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. ३० नोव्हेंबरला बिया यांनी देश दहशतवाद्यांच्या टोळीच्या हल्ल्यांना बळी पडतोय असं म्हटलं, आणि तिथून युद्ध उघड झालं. अगबोर बाल्ला यांच्यावर लष्करी कोर्टात खटला चालला तो २०१४ च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, जो बोको हराम या दहशतवादी संघटनेसाठी केल्याचं सांगितलं गेलं होतं. १९६२ चा वटहुकूम आणि २०१४ चा कायदा यांच्यात बावन्न वर्षांचं अंतर आहे, आणि दोन्हींची कार्यपद्धती एकच आहे.

या युद्धात कुणाचेच हात स्वच्छ नाहीत. १४ फेब्रुवारी २०२० रोजी न्गार्बू गावात सैनिकांनी आणि त्यांच्यासोबतच्या सशस्त्र लोकांनी किमान एकवीस नागरिक मारले, त्यांत तेरा मुलं होती. सरकारने आधी साफ इन्कार केला, दोन महिन्यांनी सैनिकांचा हात असल्याचं कबूल केलं. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला कुम्बातल्या एका शाळेच्या वर्गात बंदूकधारी घुसले आणि मुलांवर गोळ्या झाडल्या. फुटीरतावाद्यांनी वर्षानुवर्षं शाळा बंद ठेवायला लावल्या, शिक्षकांना पळवलं, खंडण्या वसूल केल्या, दर सोमवारी शहरं सक्तीने बंद ठेवली. पालकांनी लढून मिळवलेल्या परीक्षेला बसणारी मुलंच, त्या लढ्याचे वारस म्हणवणाऱ्यांनी वर्गाबाहेर ठेवली. वसाहतवादाचा दाखला देऊन याचं समर्थन करणारं कुणी भेटलं, तर मी ते मान्य करणार नाही.

जबाबदारी वाटायची झाली तर मी अशी वाटेन. संयुक्त राष्ट्रांनी आणि ब्रिटनने १९६१ मध्ये विश्वस्त म्हणून घेतलेलं काम अर्धवट टाकलं, हा पहिला दोष. फ्रान्सने आपल्या भागात जी दडपशाहीची यंत्रणा उभी केली आणि स्वातंत्र्यानंतरही जोपासली, तो दुसरा, आणि माझ्या दृष्टीने जास्त वजनाचा. पण १९६१ मध्ये युद्ध अटळ नव्हतं. १९७२, १९८४, २००९, २०१६ या प्रत्येक टप्प्यावर याउंदेपुढे दुसरा मार्ग होता, आणि तो नाकारणारे निर्णय कॅमेरूनच्याच सरकारने घेतले. वसाहतीचा वारसा खरा आहे, म्हणूनच त्याच्या आड लपायची मुभा कुणाला देता कामा नये.

२०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'महा राष्ट्रीय संवाद' भरला. काहीशे कैदी सुटले, आणि डिसेंबरमध्ये दोन प्रांतांना 'विशेष दर्जा' देणारा कायदा झाला. त्यात प्रादेशिक सभा आणि पारंपरिक राजांचं सभागृह आलं. राज्याचं स्वरूप हा विषय मात्र चर्चेबाहेर ठेवला होता. संघराज्यावर बोलायचं नसेल तर बामेंडा आणि बुएआशी बोलण्यासारखं फार उरत नाही. स्वित्झर्लंडची मध्यस्थी फळाला आली नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडाने दोन्ही बाजूंनी शांतताप्रक्रियेला संमती दिल्याचं जाहीर केलं, आणि काही दिवसांत याउंदेने आपण कुणालाही मध्यस्थ नेमलं नसल्याचं सांगून ते मोडीत काढलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ९२ वर्षांचे पॉल बिया आठव्यांदा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्याचं जाहीर झालं.

आयुक ताबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जानेवारी २०१८ मध्ये नायजेरियातल्या अबुजातून पकडून कॅमेरूनच्या हवाली केलं गेलं. नायजेरियाच्या न्यायालयाने पुढे ते हस्तांतर बेकायदा ठरवलं. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये याउंदेच्या लष्करी कोर्टाने त्यांना जन्मठेप सुनावली : इंग्रजीभाषक प्रांतांतले आरोपी, फ्रेंचभाषक राजधानीत खटला, २००९ च्या निर्णयाने थांबवायला सांगितलेली नेमकी तीच पद्धत. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाने ही कैद बेकायदा असल्याचं म्हटलं आणि त्यांच्या सुटकेची मागणी केली. वाटाघाटी करायच्याच झाल्या तर त्या ज्यांच्याशी कराव्या लागतील, त्यांतल्या काही माणसांना याउंदेने याउंदेच्याच तुरुंगात ठेवलं आहे.